ग्रह गिळला म्हणून लिथियम वाढलं?

संपादक साहेब, नमस्कार.
रविवारच्या पुरवणीतला लाल राक्षसी ताऱ्यांवरचा, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्यांवरचा लेख आवडला, पण अशा ताऱ्यात जास्तीचं लिथियम दिसलं म्हणजे त्याने ग्रह गिळला, एवढंच सांगून मोकळे झालात ते काही पटलं नाही. लिथियम म्हणजे नाजूक प्रकरण, साधारण २५ लाख डिग्रीला जळून जातं, त्यामुळे तारा फुगला, आतला माल ढवळला गेला की ते कमीच व्हायला हवं आणि बहुतेकांत होतंही तसंच, तरी शंभरात एखाद्याच्या वर्णपटात (प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) लिथियमची ६७०.८ नॅनोमीटरची ती लाल पट्ट्यातली रेघ चांगली ठसठशीत दिसते. मग हे आलं कुठून? तर आत हीलियमपासून बेरिलियम-७ हे अस्थिर मूलद्रव्य बनतं, ते पटकन वरच्या थंड थरात पोचलं तर त्याचं झालेलं लिथियम टिकतं, खालीच रेंगाळलं तर खेळ खल्लास. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या मंडळींनी २०२० मध्ये दाखवलं की गाभ्यात हीलियम भडकल्यावर सूर्याएवढ्या ताऱ्यांत लिथियम सर्रास वाढतं, ४० पटीपर्यंत. ग्रह गिळणारेही असतील एखाददुसरे, नाही कोण म्हणतंय, पण आपल्याच लोकांचं काम लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं ना.
– एक वाचक, सातारा