बस बॉडीवाल्या चाचांना, बोटीच्या झाकणाबद्दल

सलाम चाचा,

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अरे सोड ना" म्हणता आणि मासळीचा भाव विचारायला लागता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढून मासे पकडणारी बोट, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असतो, लाकडी बोट आहे, वरून फायबर मारलेलं, केबिनच्या पुढ्यात इंजिन रूमचं झाकण. चार फूट बाय तीन फूट. सागाची चौकट, त्यावर मरीन प्लायचे दोन थर, त्यावर फायबर, आणि वर्षानुवर्षं आत मुरलेलं पाणी ते वेगळंच. ते जड असायलाच लागतं म्हणा, त्याच्यावरून माणसं चालतात, बर्फाचे क्रेट ठेवतात, लाट वर आली तर पाणी खाली इंजिनवर जाता कामा नये. पण उचलायला दोन माणसं लागायची आणि बोट हलत असली तर तिसरा नुसता "हात काढ हात काढ" ओरडायला.

आता कोणी म्हणेल त्यात काय एवढं, दोघांनी उचला. पण खरा त्रास उचलायचा नव्हताच, खरा त्रास हा की जड म्हणून ते उघडलंच जायचं नाही. खाली सहा सिलिंडरचं इंजिन चालू असतं, त्याचं ऑइल बघायचं असतं, पट्टा सैल झालाय का, ग्लँडमधून (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं दोरी भरलेलं बूच) शाफ्टवर पाणी थेंब थेंब येतंय की धार लागलीय, बिलजमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, किती साठलंय, हे सगळं दर थोड्या वेळाने जाऊन बघायचं काम. आणि रात्री जाळं पाण्यात आहे, सगळे दमलेत, अशा वेळी दोघांना उठवून झाकण कोण उघडतो? सकाळी बघू म्हणतात. आमचा इंजिन बघणारा नेपाळी पोरगा आहे, कामाला एक नंबर, पण अंगाने काडी, त्याला एकट्याला ते हलायचंच नाही, आणि दुसऱ्याला हाक मारायची त्याला लाज वाटायची. बाबा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, ते वरून ओरडायचे खाली बघितलंस का, हा म्हणायचा हो. बघितलेलं असायचंच असं नाही.

उपाय सांगणारे भरपूर भेटले. एक म्हणाला झाकण मधून कापा, दोन अर्धी करा. करता येतं, पण मधे आडवी पट्टी द्यावी लागते, शिवाय जिथे जोड तिथून पाणी. दुसरा म्हणाला डोलकाठीवरून कप्पी लावून ओढा, ते धक्क्याला उभं असताना झकास चालतं, बाहेर बोट डुलायला लागली की लटकलेलं झाकण माणसांवर येतं आणि दोर धरायला एक माणूस लागतोच, मग फायदा काय. तिसरा उपाय खरंतर चांगला होता, मधे फोम आणि दोन्हीकडून फायबर असं हलकं नवीन झाकण बनवायचं, नवीन बोट बांधत असेल त्याने तेच करावं असं मला अजूनही वाटतं, पण आमचा तेव्हा तेवढा खर्च करायचा विषय नव्हता. मग एका वर्कशॉपवाल्याने (नाव नको) गाडीच्या डिकीचा एक शॉकर (दार वर ढकलणारी गॅस भरलेली नळी) आणून एका बाजूला स्क्रूने मारून दिला. सुरुवातीला झाकण तसूभर हलेना, अर्धं वर गेलं की एकदम उसळी मारायचं, तेही तिरकं कारण जोर एकाच बाजूने, आणि शेवटी स्क्रूच प्लायमधून उपटून आले.

तेव्हा कोणीतरी म्हणालं की लक्झरी बसच्या बाजूच्या सामानाच्या डिक्या बघ, केवढी दारं असतात आणि क्लीनर एका हाताने उघडतो, ते करणाऱ्याकडे जा. असा मी तुमच्या शेडमध्ये आलो चाचा. बोटीचं काम म्हटल्यावर तुम्ही हसलात ते आठवतंय, पण दुसऱ्या दिवशी जेट्टीवर हजर. बंदीचे दिवस होते, 1 जून ते 31 जुलै समुद्र बंद, बोट ताडपत्रीखाली शाकारून ठेवलेली, त्या ताडपत्रीखाली वाकून तुम्ही आधी काय मागितलंत तर मासळी तोलायचा लटकता काटा. मला वाटलं चाचांना सुरमई पाहिजे.

काटा तुम्ही झाकणाच्या कडीत अडकवला, बिजागरीच्या समोरच्या बाजूला, आणि दोघांनी वर ओढून जरासं अधांतरी केलं. 28 किलो. तुम्ही म्हणालात म्हणजे अख्खं झाकण 56 च्या आसपास, कारण अर्धं वजन बिजागरी घेते. इतकी वर्षं आम्ही शंभर किलो शंभर किलो करत होतो. मग खडूने तिथेच फळीवर काढून दाखवलंत की डिकीचा शॉकर गाडीत जवळजवळ आडवा झोपलेला असतो, डिकी हलकी म्हणून चालतं, पण इथे झाकण बंद असताना, म्हणजे सगळ्यात जास्त जोर लागतो तेव्हाच, आडवा शॉकर वर ढकलतच नाही, नुसता बिजागरीला रेटतो. म्हणून जास्त पॉवरचा आणून उपयोग नाही, तिरका उभा बसवायला पाहिजे. वरचं टोक झाकणाला बिजागरीपासून 14 इंचांवर, आणि खालचं टोक इंजिन रूमच्या भिंतीला, बिजागरीच्या जवळजवळ सरळ खाली, 16 इंच खोल. दोन बाजूंना दोन, प्रत्येकी 350 न्यूटनचे, म्हणजे ढोबळ 35 किलोचे. मी म्हटलं चाचा मोठाच घालू ना, पन्नासचा, तर तुम्ही असं बघितलंत माझ्याकडे! झाकण आपोआप उघडायला लागलं तर भर समुद्रात कडी निसटली की लाटेला दार उघडं, थोडं वजन हातात राहिलंच पाहिजे.

बाकीचं पण सगळं तुम्ही बोटवाल्यासारखंच केलंत, कधी बोटीवर काम केलं नाही म्हणता हे मला पटत नाही. स्टेनलेस स्टील 316 ग्रेडचंच, साध्याचा दांडा खाऱ्या हवेत खड्डे पडून सील फाडतो आणि आतला नायट्रोजन गेला की शॉकर म्हणजे नुसती नळी. दांडा खालच्या बाजूला आणि नळकांडं वर, म्हणजे आतलं तेल सीलवर उभं राहतं. स्क्रू नाही, आरपार बोल्ट, मागून ॲल्युमिनियमची पट्टी, भोकात सीलंट. आणि इंजिनच्या गरमीने गॅसचा जोर थोडा वाढतो, म्हणून गार असताना हाताला किंचित जड लागलं तरी चालेल, हे तर मला सुचलंच नसतं.

टेकूवरून मात्र आपलं वाजलं होतं. मला वाटलं आता शॉकर आहेत तर टेकू कशाला, तुम्ही म्हणालात शॉकरचं काम उचलायचं, धरायचं काम टेकूचं, गॅस कधी जाईल ते सांगून जात नाही आणि खाली पोराची मान असते. लोखंडी टेकू, त्याला पिन, आणि तो लावल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही हे तुम्ही त्या पोराकडून माझ्यासमोर वदवून घेतलंत. तो आता इतरांना दटावतो. परवा बाबांनाच म्हणाला, पिन लावा मग वाका.

आता काटा लावला की 6 किलो दाखवतो, अर्धं उघडल्यावर 7 च्या आसपास, म्हणजे वरपर्यंत सारखंच लागतं, झटका नाही काही नाही. तुम्ही सांगितलंत तसं नारळी पौर्णिमेच्या आधी काटा लावून बघायचं आणि 10 च्या वर गेला की दोन्ही शॉकर एकदम बदलायचे, एक नवा एक जुना ठेवायचा नाही, ते मी केबिनमध्ये मार्करने लिहून ठेवलंय. आणि खरी गोष्ट सांगतो, आता रात्री मी झोपेत असतो तेव्हा झाकणाचा आवाज येतो, उघडलं, थोड्या वेळाने बंद, कोणी सांगितलेलं नसतं. ग्लँडची दोरी झिजलेली त्या पोरानेच पकडली, वेळेवर, बंदरात यायच्या आधी, नट आवळून घेतला आणि आल्यावर बदलली. पूर्वी हे आम्हाला पंप सतत चालायला लागल्यावर कळायचं.

मजुरी तुम्ही घेतलीत ती बोल्टाच्या किमतीएवढी, त्यावर भांडण बाकी आहे. पापलेट पाठवलं तर काटे निवडायचा कंटाळा येतो म्हणून चाची परत पाठवतात असं ऐकलं, मग बांगडा तर विचारायलाच नको, तेव्हा सुरमईच येईल, तुकड्या करून, नाही म्हणायचं नाही.

आणि हो, आमच्या बाजूला जी निळी पर्ससीन (गोल जाळं टाकणारी बोट) लागते त्यांचं झाकण आपल्यापेक्षा मोठं आहे, पाच फुटी, त्यांनी तुमचा नंबर मागितलाय. मी अजून दिला नाही, तुम्हाला विचारून देतो म्हटलं. काटा त्यांच्याकडे आहे, वजन करून ठेवा असं सांगून आलोय. कळवा.

तुमचा,
मिरकरवाड्याचा झाकणवाला