उद्यानाला निधी मिळतो, माळी मिळत नाही

महोदय,

बेळगावात उद्यान उभारायला पैसा मिळतो, गाडी अडते ती पुढच्या वर्षी. २०२५ मध्ये संपलेल्या स्मार्ट सिटीसारख्या योजनांचा निधी मुख्यतः भांडवली, म्हणजे एकदाच उभारायच्या कामांचा: फरश्या, कारंजी, खेळणी. माळ्याचा पगार, कूपनलिकेच्या मोटारीचे वीजबिल, झोपाळ्याची तुटलेली साखळी हा मात्र महसुली, म्हणजे दरवर्षीच्या देखभालीचा खर्च, आणि तिथे गटार-कचऱ्यापुढे बागेचा नंबर शेवटचा. कंपनी कायदा २०१३ मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. त्यातूनही बाकडी येतात, कारण बाकड्यावर नाव रंगवता येते!

उरलेले काम स्वयंसेवकांच्या गळ्यात पडते. जूनमध्ये रोपे लावायला गर्दी होते, पण रोप मरते ते फेब्रुवारी ते मेमध्ये. म्हणून जेवढ्यांना उन्हाळ्यात पाणी घालता येईल तेवढीच रोपे लावावीत. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, मातीत एक तृतीयांश कुजलेले शेणखत. खोडाचा बुंधा मातीत गाडू नये, साल कुजते. आधाराच्या काठीला सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधावी. लोखंडी जाळी तीनेक वर्षांत काढली नाही, तर खोडातच रुतते. फरशी बुंध्यापासून किमान तीन फूट दूर हवी.

महापालिकेशी लेखी करार करताना वीजबिल कोण भरणार, किल्ली कोणाकडे आणि कुंपणाची दुरुस्ती कोणाची, एवढे तरी नमूद करून घ्यावे. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाते.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव