फॅक्टर आठ आहे, पण त्यात व्हॉन विलेब्रँड आहे का?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : व्हॉन विलेब्रँड आजारातील आतड्याच्या रक्तस्रावासाठी पुणे विभागात तपासणी व औषधाची सोय करणेबाबत

महोदय,

हिमोफिलियाच्या रुग्णांना सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिने) मोफत मिळू लागले, हे मोठेच काम झाले. व्हॉन विलेब्रँड या दुसऱ्या रक्तस्राव विकाराचे रुग्ण मात्र त्याच खिडकीवर येऊन अडतात.

नाकातून रक्त येणे, पाळीत अतिस्राव होणे ही या आजाराची लक्षणे निदान ऐकलेली तरी असतात. आतड्यातला रक्तस्राव मूळव्याधीच्या नावावर खपून जातो. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर प्लेटलेटना जखमेवर धरून ठेवतो. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींमध्ये तो तयार होतो आणि नव्या वाहिन्यांच्या वाढीला आवरही घालतो. तो कमी किंवा सदोष असला की काही रुग्णांच्या आतड्यात पातळ भिंतीच्या, वेड्यावाकड्या वाहिन्या तयार होतात. यालाच अँजिओडिस्प्लेसिया म्हणतात. आजाराच्या टाइप २ए (फॅक्टर सदोष) आणि टाइप ३ (फॅक्टर जवळपास नाहीच) या प्रकारांत या फॅक्टरचे मोठे मल्टिमर (रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्या) नसतात, त्यामुळे अशी वाहिनी फुटली की बुजतही नाही. दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या झोताने एक जागा जाळली, तरी दुसरी वाहू लागते. लहान आतड्याच्या बहुतेक भागापर्यंत नेहमीची दुर्बीण पोचतच नाही, तिथे कॅप्सूल एंडोस्कोपी (गिळायचा छोटा कॅमेरा) लागते. दरम्यान रुग्ण लोहाच्या गोळ्या घेत असतो. आतल्या रक्तस्रावासारखेच त्यांनीही शौच काळे होते, म्हणून रक्त जात असल्याचे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

आता बाटलीबद्दल. रिकॉम्बिनंट (जनुकतंत्राने बनवलेल्या) फॅक्टर आठमध्ये व्हॉन विलेब्रँड नसतो, प्लाझ्मापासून (रक्तद्रवापासून) काढून अतिशुद्ध केलेल्या काही फॅक्टरांतही तो नावापुरताच असतो. फक्त फॅक्टर आठ कमी असलेल्या हिमोफिलिया ए ला ते उत्तम. व्हॉन विलेब्रँड आजारात मात्र दिलेला फॅक्टर आठ, त्याला वाहून नेणारा व्हॉन विलेब्रँड नसल्याने, काही तासांत ओसरतो आणि प्लेटलेट चिकटायच्या राहूनच जातात. म्हणून खरेदीच्या निविदेत ‘व्हॉन विलेब्रँडयुक्त फॅक्टर आठ, बाटलीवर रिस्टोसेटिन कोफॅक्टर युनिट छापलेली’ असे स्पष्ट लिहावे; व्हॉन विलेब्रँडचे काम याच युनिटांत मोजतात. मोठ्या रक्तस्रावात किलोमागे ४० ते ६० युनिट लागतात, म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला एका वेळी २००० ते ३०००, आणि तेही पुन्हा पुन्हा. दोन-चार बाटल्यांचा साठा हा साठा नव्हे. डेस्मोप्रेसिन (शरीरातला साठलेला फॅक्टर रक्तात सोडायला लावणारे औषध) स्वस्त आहे, पण टाइप ३ मध्ये त्याचा उपयोग नाही आणि टाइप २बी मध्ये प्लेटलेट आणखी घसरू शकतात. क्रायोप्रेसिपिटेट (रक्तपेढीत प्लाझ्मापासून काढलेला घटक) अडीनडीला ठीक. त्यातली मात्रा पिशवीगणिक बदलते आणि त्यावर सहसा विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया झालेली नसते.

पण प्रकारच ठाऊक नसेल तर औषध कसे निवडणार? प्लेटलेट आणि पीटी सहसा नॉर्मल येतात, एपीटीटीही येऊ शकते (या दोन्ही रक्त गोठण्याच्या वेळेच्या नेहमीच्या चाचण्या), आणि तिथेच तपास थांबतो. पुणे विभागासाठी ससून रुग्णालयात व्हॉन विलेब्रँड अँटिजेन (फॅक्टर किती आहे), रिस्टोसेटिन कोफॅक्टर (तो काम किती करतो) आणि फॅक्टर आठ या तीन चाचण्या नियमित व्हाव्यात. मल्टिमरसाठी प्लाझ्मा मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेकडे पाठवण्याची व्यवस्था लावावी.

सगळ्यात जास्त घोळ नमुन्यात होतो. निळ्या टोपणाची सायट्रेट नळी खुणेपर्यंतच भरावी : नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. ती बर्फात ठेवू नये. गार केलेल्या अख्ख्या रक्तात हा फॅक्टर खोटाच कमी दिसतो आणि धडधाकट माणसावर शिक्का बसतो. चार तासांत नळी प्रयोगशाळेत पोचायला हवी. भोर किंवा जुन्नरहून ते जमणार नसेल (जुन्नरच्या वाटेवरची चाकणची वाहतूक कोंडी आपण जाणताच), तर तिथेच दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा गोठवून पाठवावा. उलट ताप, गरोदरपण किंवा चालू रक्तस्रावात पातळी वाढते, म्हणून एका नॉर्मल अहवालावर फाइल बंद करू नये.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत हिमोफिलिया आहे, व्हॉन विलेब्रँड मात्र नाही. तो विषय केंद्राचा, पण राज्याने शिफारस करायला हरकत नसावी.

पुढच्या औषध खरेदीची यादी तयार होण्याआधी एवढे व्हावे, ही विनंती.

आपले,
रक्तस्राव विकारांच्या तपासणी व उपचारांत काम करणारे पुण्यातील काही जण