कॉटरी यंत्राबरोबर प्लेटही विकत घ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री महोदय

विषय: शस्त्रक्रियागृहातील कॉटरी यंत्रे, त्यांच्या खरेदीच्या अटी, प्लेटचा पुरवठा आणि तपासणी

महोदय,

सविनय नमस्कार. आम्ही शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, ओटी तंत्रज्ञ आणि उपकरणांची देखभाल करणारे बायोमेडिकल अभियंते आहोत. हे पत्र ज्या यंत्राबद्दल आहे, त्याला ओटीत सगळे नुसते 'कॉटरी' म्हणतात. विजेने ऊती कापायच्या आणि रक्तस्राव थांबवायचा, हे त्याचे काम. विल्यम बोव्ही यांनी बनवलेले असे यंत्र हार्वी कुशिंग यांनी 1926 मध्ये बोस्टनमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले. तत्त्व आजही तेच आहे. गेल्या काही दशकांत खरी भर पडली ती रुग्ण भाजू नये म्हणून केलेल्या व्यवस्थांची, आणि खरेदीच्या कागदावर नेमक्या त्याच गाळल्या जातात. निविदेत '400 वॅट' ठळक लिहिलेले असते. प्लेटबद्दल मात्र 'पेशंट प्लेटसह' एवढेच.

ही प्लेट दुय्यम वस्तू का नाही, ते आधी सांगतो. मोनोपोलर पद्धतीत वीज सर्जनच्या हातातल्या पेन्सिलसारख्या उपकरणाच्या (त्यालाच 'पेन्सिल' म्हणतात) टोकातून रुग्णाच्या शरीरात शिरते आणि मांडीला किंवा पोटरीला चिकटवलेल्या प्लेटमधून यंत्राकडे परतते. घरातल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते, या यंत्राची साधारण 3 ते 5 लाख हर्ट्झ. इतक्या वेगाला नसा आणि स्नायू प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. उष्णता मात्र होतेच, आणि ती किती होणार हे वीज किती जागेतून जाते यावर ठरते. पेन्सिलच्या टोकाशी जागा काही चौरस मिलिमीटर, तिथे ऊती कापली जाते. मोठ्यांच्या प्लेटखाली जागा साधारण 100 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, तिथे त्वचा जेमतेम कोमट होते. आयईसी 60601-2-2 या आंतरराष्ट्रीय मानकात प्लेटची कसोटीच दिली आहे: 700 मिलिअँपिअर वीज 60 सेकंद वाहिली तरी तापमान 6 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त वाढता कामा नये.

आता निम्मी प्लेट सुटली असे धरा. तेवढीच वीज अर्ध्या जागेतून जाते, तिची घनता दुप्पट होते, आणि उष्णता घनतेच्या वर्गाने वाढत असल्याने ती चौपट होते. भूल दिलेला रुग्ण हूं की चूं करत नाही. वरून ड्रेप, म्हणजे अंगावर पसरलेली निर्जंतुक कापडे असतात. भाजल्याचे कळते ते शस्त्रक्रिया आटोपून प्लेट काढताना.

यावरचा उपाय 1980 च्या दशकापासून उपलब्ध आहे. दोन भागांची, म्हणजे स्प्लिट प्लेट वापरली, तर यंत्र त्या दोन भागांमध्ये अगदी क्षीण प्रवाह सोडून त्याला होणारा रोध सतत मोजत राहते. कोपरा उचकटला, जेल वाळले, खाली पाणी शिरले, की रोध बदलतो, अलार्म वाजतो आणि यंत्र वीज देणे थांबवते. जेली लावलेली स्टीलची प्लेट किंवा एकसंध चिकट प्लेट जोडली, तर हेच आधुनिक यंत्र फक्त केबल तुटली आहे का, एवढेच पाहू शकते. प्लेट मांडीऐवजी गादीवर पडली असली तरी दिवा हिरवाच राहतो. म्हणजे महागडे यंत्र घेऊन त्याला स्टीलची प्लेट लावली, की संपर्कावरची देखरेख बंद पडते, आणि ती बंद आहे हे कुणाला दिसतही नाही. स्प्लिट प्लेटचा साठा संपला की कपाटातली जुनी प्लेट बाहेर येते. काही ठिकाणी एकदा वापरलेली चिकट प्लेट चिकटपट्टी लावून पुन्हा वापरतात. तिचे जेल एव्हाना वाळलेले असते आणि कडा धरत नाहीत. यात परिचारिकेचा दोष शोधण्यात अर्थ नाही. तिला प्लेट पुरवलेलीच नसते.

म्हणून पहिली मागणी: यापुढच्या प्रत्येक निविदेत पृथक (अर्थिंगशी न जोडलेले) आउटपुट आणि प्लेटच्या संपर्कावर देखरेख या दोन्ही गोष्टी अनिवार्य असाव्यात. पृथक आउटपुटचा आग्रह अशासाठी, की जुन्या, अर्थिंगशी जोडलेल्या यंत्रांत प्लेट सुटली तर वीज दुसरी वाट शोधते. ती ईसीजीच्या इलेक्ट्रोडमधून जाते किंवा टेबलाच्या धातूला टेकलेल्या हातातून, आणि तिथे संपर्क लहान असल्याने खोल भाजते. दुसरी मागणी पहिलीइतकीच महत्त्वाची: स्प्लिट प्लेट ही नियमित खरेदीची वस्तू ठरवा, सुया आणि ग्लोव्ह्जसारखी. नियोजित मोनोपोलर शस्त्रक्रिया जितक्या, तितक्या प्लेट, शिवाय सुटलेल्या प्लेट बदलण्यासाठी जादा साठा. एकदा उचललेली प्लेट परत चिकटवायची नसते, त्यामुळे हा जादा साठा चैन म्हणून मागत नाही. नवजात आणि लहान मुलांसाठी वजनानुसार वेगळ्या आकाराच्या प्लेट लागतात. मोठ्यांची प्लेट कात्रीने कापून बाळाला लावणे हा उपाय नव्हे.

प्लेट चांगली असूनही चुका होतात, आणि त्या नेहमीच्याच असतात. जागा शस्त्रक्रियेच्या जवळची, मांसल आणि भरपूर रक्तपुरवठ्याची हवी. हाडाचा उंचवटा, जुना व्रण, टॅटू, दाट केस आणि धातूचे रोपण असलेली जागा टाळावी. त्वचा कोरडी असावी आणि प्लेटची लांब कड शस्त्रक्रियेच्या बाजूला असावी, कारण वीज जवळच्या कडेशीच जास्त गोळा होते. रुग्णाची स्थिती बदलली की प्लेट पुन्हा तपासायची. एक नियम तर प्रत्येक ओटीच्या भिंतीवर लावावा असा आहे. सर्जन 'पॉवर वाढवा' म्हणाले की नॉबला हात लावण्याआधी प्लेट, केबल आणि पेन्सिलच्या टोकावरची काजळी पाहायची. नेहमीच्या सेटिंगवर काम होत नसेल, तर बहुधा दोष परतीच्या वाटेत असतो, आणि वॅट वाढवून तो दोष रुग्णाच्या अंगावर येतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत धोका वेगळा आहे. लांब उपकरणांवरचे प्लास्टिकचे आवरण वारंवार धुण्याने आणि ऑटोक्लेव्हने (वाफेच्या निर्जंतुकीकरणाने) झिजते. त्याला पडलेली केसाएवढी चीर मोठ्या फाटीपेक्षा वाईट, कारण सगळी वीज त्या बारीक जागेतून बाहेर पडते आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आतड्याला चटका देते. रुग्ण घरी जातो आणि काही दिवसांनी आतड्याला भोक पडून परत येतो. डोळ्यांनी ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. त्यासाठी आवरण तपासणारे छोटे यंत्र मिळते. निर्जंतुकीकरण विभागात ते एक तरी असावे, आणि नापास झालेले उपकरण टेप गुंडाळून परत पाठवले जाऊ नये. पोटात उपकरणे घालायच्या नळ्यांपैकी (ट्रोकार) धातूच्या नळीवर (कॅन्युला) प्लास्टिकची पकड असलेले मिश्र ट्रोकारही खरेदीतून वगळावेत. आवरण शाबूत असले तरी धातूच्या नळीत वीज उतरते, आणि ती पोटाच्या भिंतीत पसरून जायची वाट प्लास्टिकने अडवलेली असते. याच कारणाने टोक ऊतीला टेकलेले नसताना वीज सुरू करणारे पेडल दाबून धरणेही टाळायला हवे. 'कोॲग'मध्ये (रक्तस्राव थांबवण्याच्या सेटिंगमध्ये) व्होल्टेज 'कट'पेक्षा (कापण्याच्या सेटिंगपेक्षा) जास्त असते, तेव्हा तर नक्कीच.

आगीबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. स्पिरिटयुक्त अँटिसेप्टिक लावल्यावर ते वाळायला निदान 3 मिनिटे द्यायलाच हवीत. केसाळ भागात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि अंगाखाली साचलेले द्रव पुसून भिजलेली कापडे काढायची असतात. चेहरा, मान आणि छातीच्या वरच्या भागावरच्या शस्त्रक्रियेत मास्कने ऑक्सिजन चालू असेल, तर त्याचे प्रमाण शक्यतो 30 टक्क्यांच्या आत ठेवावे. श्वासनलिका उघडताना कॉटरी वापरू नये. वापरात नसलेली पेन्सिल ड्रेपवर न टाकता तिच्या प्लास्टिकच्या खोळीत ठेवायची. ही खोळ पाकिटात येते आणि पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते. पेन्सिलची केबल धातूच्या चिमट्याला गुंडाळून ड्रेपवर अडकवण्याची सवयही मोडायला हवी.

पेसमेकर असलेल्या रुग्णात शक्य तिथे बायपोलर, म्हणजे वीज चिमट्याच्या दोन टोकांमधूनच वाहणारी पद्धत वापरावी. मोनोपोलर लागलेच तर प्लेट अशी लावावी की विजेची वाट पेसमेकरवरून जाणार नाही, आणि एका वेळी 5 सेकंदांहून कमी वेळ पेडल दाबावे. हे भूलतज्ज्ञांना ठाऊक असते. यादीवर ते आदल्या दिवशीच लिहिलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे.

धुराचा प्रश्न रुग्णापेक्षा आमच्या फुप्फुसांचा आहे. त्या धुरात बेंझिन, हायड्रोजन सायनाइड, फॉर्मल्डिहाइड असते, आणि साधा सर्जिकल मास्क त्याचे बारीक कण अडवत नाही. अल्पा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर असलेले धूरशोषक यंत्र घ्यावे आणि त्याची नळी धुराच्या उगमापासून 5 सेंटिमीटरच्या आत धरावी. फिल्टर मुदतीत बदलला नाही तर यंत्र नुसतेच घरघरते.

तपासणीचा कागद हा आणखी एक दुखरा भाग. वार्षिक देखभाल करारात 'यंत्र चालू आहे' असा शेरा मारून सही होते. यंत्र चालू असणे आणि सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉटरीची तपासणी म्हणजे ॲनालायझर (तिची वीज मोजणारे उपकरण) जोडून ठरलेल्या रोधावर वॅट मोजणे (दाखवलेल्या आकड्याच्या 20 टक्क्यांच्या आत), उच्च वारंवारतेची गळती मोजणे (पृथक यंत्रात 150 मिलिअँपिअरच्या आत) आणि संपर्क बिघडवून अलार्म खरोखर वाजतो का, हे पाहणे. हे तिन्ही आकडे अहवालात नसतील तर देयक मंजूर करू नये. प्रत्येक लहान रुग्णालयात ॲनालायझर नको. काही रुग्णालयांत मिळून एक, तो हाताळणाऱ्या अभियंत्यासह, पुरतो. दुरुस्तीनंतर ही तपासणी पुन्हा व्हावी.

शेवटची मागणी भाजल्याच्या घटनांबद्दल. आज अशी घटना घडली की आधी परिचारिकेला नोटीस जाते आणि प्लेट, पेन्सिल कचऱ्यात. मग जखम विजेची होती, अँटिसेप्टिकने त्वचा पोळल्याची होती की तासन्‌तास एकाच जागी दाब पडल्याची, हे कुणालाच सांगता येत नाही. तिन्ही जखमा सुरुवातीला सारख्याच दिसतात. कृपया असा आदेश काढा, की घटनेनंतर प्लेट, केबल आणि पेन्सिल पाकिटासह सीलबंद ठेवावी. यंत्राचा अनुक्रमांक, प्लेटचा लॉट क्रमांक व मुदत, सेटिंग, पेडल किती वेळ दाबले गेले याचा अंदाज, अँटिसेप्टिकचे नाव, रुग्णाची स्थिती आणि जखमेचे मोजपट्टीसह छायाचित्र त्याच दिवशी नोंदवावे, आणि बायोमेडिकल अभियंत्याने पाहिल्याशिवाय ते यंत्र पुढच्या रुग्णाला लावू नये. हा नमुना एका पानात बसतो. आपल्या कार्यालयाने सांगितल्यास त्याचा मसुदा आम्ही करून देऊ.

आपले नम्र,
शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, ओटी तंत्रज्ञ आणि बायोमेडिकल अभियंते