फोटो वाचला, म्हणून चित्र झाले

महोदय,

१९१२ साली आजच्या तुर्कस्तानातल्या व्हान शहरात शूशान नावाची एक आर्मेनियन बाई मुलाला शेजारी उभे करून फोटो काढायला बसली. नवरा अमेरिकेत होता, त्याला पाठवायला हा फोटो. तीनच वर्षांनी ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा नरसंहार सुरू झाला. शूशान मुलांना घेऊन येरेवानपर्यंत (आजच्या आर्मेनियाची राजधानी) पोचली आणि १९१९ मध्ये तिथे उपासमारीने गेली. मुलगा पुढे अमेरिकेत आर्शिल गॉर्की या नावाने चित्रकार झाला आणि त्या एका फोटोवरून वर्षानुवर्षे आईचे चित्र रंगवत राहिला. त्याचे दोन कॅनव्हास आज न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. फोटोतल्या आईच्या एप्रनवर फुलांची नक्षी आहे. चित्रात एप्रन कोरा आहे आणि हात पुसल्यासारखे. चित्रकाराने काय गाळले हे आपल्याला कळते, कारण मूळ फोटो टिकला. तो टिकला, कारण आधीच समुद्रापार गेला होता.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कलाविद्यार्थ्यांच्या कामात घरातले जुने फोटो आता वरचेवर दिसतात. याचा आम्हाला आनंद आहे. पण काही जण मूळ फोटोच कापतात, त्यावर फेविकॉल किंवा ॲक्रिलिक लावतात. कृपया असे करू नका. स्कॅन करा, मॅट कागदावर प्रिंट काढा आणि हवे ते प्रयोग त्या प्रिंटवर करा. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. रंगीत टिफ फाइल (तपशील न गमावता चित्र साठवणारा प्रकार) साधारण २६ एमबीची होते. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० डीपीआय ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि आजीचे अक्षर तिथेच असते. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आपल्या हवेत खरा शत्रू पावसाळा. फोटोवरचा जिलेटिनचा थर म्हणजे बुरशीचे अन्नच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याहून कितीतरी जास्त असते. जिलेटिन ओल धरून मऊ होते आणि तसबिरीच्या काचेला चिकटते. असा फोटो ओढून काढू नका, थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड कार्डाची चौकट घालायला सांगा.

बुरशी ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने पुसली तर डाग आत जातो. मास्क लावून, सावलीत पूर्ण वाळवून, मऊ ब्रशने हलकेच झाडायची. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढताना मेण नसलेला दात साफ करायचा दोरा फोटोखाली सरकवून करवतीसारखा चालवा. हलत नसेल तर सोडून द्या आणि पूर्ण पानाचा फोटो घ्या. लॅमिनेशन मात्र कधीच नको. उष्णतेने बसलेला गोंद पुन्हा निघत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच हौसेने झालेले आहे. डांबराच्या गोळ्या आणि पीव्हीसी प्लॅस्टिकचे पाकीटही नको. आम्लरहित कागदाचे लिफाफे, घट्ट झाकणाचा डबा आणि आत ओल शोषणारे सिलिका जेल एवढे पुरते. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जेलचा रंग बदलला की तो ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतो.

आता नावांबद्दल. 'प्रोजेक्ट सेव्ह' हा अमेरिकेतला संग्रह १९७५ पासून आर्मेनियन कुटुंबांचे फोटो जमवतो. फोटोत कोण, कुठले, केव्हाचे आणि तो कोणाकडून आला, हेही तिथे नोंदवतात. आपल्याकडे हेच राहून जाते. नरसंहाराशी कशाचीच बरोबरी करायची नाही, पण घर सुटले की फोटोंचे काय होते ते इथेही दिसते. ठाण्याच्या नौपाड्यातले वाडे गेले, नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली, उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांनी फाळणीत गावच सोडले. बांधाबांध करताना 'हे कोण?' याला उत्तर नसलेला गठ्ठा रद्दीत जातो. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून आजच लिहून घ्या. जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, ४बी पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. नंतरच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या लेपाच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, तिथे लिफाफ्यावर लिहा, आणि फोटो आत घालण्याआधी लिहा.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्रंथालयांनी मे महिन्यात आठवडाभर एक स्कॅनर आणि नोंदवही घेऊन बसावे, अशी आमची विनंती आहे. मूळ फोटो त्याच दिवशी घरच्यांना परत द्यावा. स्कॅनची एक प्रत ग्रंथालयात राहावी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे जावी.

– जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम करणारे काही ठाणेकर