स्टॉकहोमहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

मी ठणठणीत आहे. जेवण, झोप, थंडी हे फोनवर रोज होतंच. बाकीचं तिथे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

आई, इथे घरात वॉशिंग मशीन नाही. तळघरात सगळ्या इमारतीची मिळून धुण्याची खोली असते. तिथल्या फळ्यावर हव्या त्या तारखेच्या खाचेत आपल्या फ्लॅटचं छोटं कुलूप अडकवायचं, की ते तास आपले. निघताना फरशी पुसायची, ड्रायरच्या जाळीवरची लव काढायची. उशीर झाला तर कुणी ओरडत नाही, दारावर चिठ्ठी लावतात. मला एकदा लागली. दोन दिवस जिन्यात मान वर करवेना.

बाबा, "गेम बनवणं हे काय काम?" असं काका म्हणाले आणि तुम्ही गप्प बसलात, ते लागलं मला. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, ते कात्रण तुमच्याच कपाटात आहे ना? पण बुद्धिबळाची ६४ घरं दोघांनाही दिसतात. आमचा खेळ लढाईचा, त्याच्या नकाशावर धुकं असतं, शत्रू दिसत नाही, शेकडो तुकड्या एकदम हलतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं यायची, म्हणजे एकेका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. त्यातून संगणकाच्या विचाराला उरणार किती? म्हणून पुष्कळ खेळांत त्याला गुपचूप जास्तीचं सोनं-धान्य देतात. खेळणाऱ्याला ते कळलं की तो चिडतो, आणि त्याचं बरोबरच आहे. नुसता जिंकणाराही बनवता येतो. २०१९ मध्ये अल्फास्टार हा संगणकाचा प्रोग्राम स्टारक्राफ्ट-२ या लढाईच्या खेळात ग्रँडमास्टर पातळीला पोचला. पण रोज हरायला कोण बसेल?

मी सातवीत असताना तुम्ही वजीर मुद्दाम मोकळा ठेवायचात. त्याआधी अर्धा तास असा छळायचात, की तो मीच कष्टाने मारला असं वाटायचं. मला तसा प्रतिस्पर्धी घडवायचाय. गेल्या आठवड्यात मी बनवलेल्या संगणकाच्या सेनापतीने पूल सोडून दिला आणि मागून धाड घातली. खेळून बघणारा मुलगा हरला, पाणी प्यायला आणि लगेच पुन्हा बसला. तेव्हा तुम्हाला फोन करणार होते, पण नाशिकला रात्रीचे दोन वाजले होते.

पैसे पाठवलेत. हप्ता जाऊन उरतील ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे, दुसरीकडे खर्चू नका. दिंडोरीच्या मुलाशी मी बोलेन, पण आई, तू परस्पर हो म्हणू नकोस. दिवाळीत गेम बाहेर पडतोय, त्यामुळे येणं जमत नाही. ऑपरेशनच्या दिवशीही मी तिथे नसेन. दादा आहे, हे माहीत आहे मला. २०२७ च्या सिंहस्थाला मात्र रजा काढून येते.

पट्टी सुटली की फोनवरच डाव मांडू. पांढरी तुमच्याकडे. आणि बाबा, आता वजीर सोडू नका.

तुमची,
मुक्ता