प्रमाणपत्रावर टॅगचा नंबर येऊ द्या: पशुपालन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री, पशुपालन विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार.

इंदूरच्या वेशीवर आमचा गोठा आहे. वडिलांच्या वेळेपासून दुधाचा धंदा. नवी जनावरं घ्यायला आम्ही निमाडातल्या हाटांना जातो, आगर-शाजापूरकडे जातो, कधी बिजासनचा घाट ओलांडून धुळे-जळगावकडेही जातो, आणि तिकडचे व्यापारी इकडे येतात. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयात देत आहे. मराठीत लिहितोय ते इंदूरच्या आणि खानदेशातल्या पशुपालकांनीही वाचावं म्हणून, कारण हा व्यवहार दोन्हीकडून चालतो.

विकत घेतलेल्या गाईसोबत एक डॉक्टरांचं प्रमाणपत्र येतं, आणि दुसरा तिच्या कानातला बारा अंकी ओळख-नंबराचा पिवळा टॅग. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. ती करून द्या, एवढंच माझं मागणं आहे.

प्रमाणपत्राचा नियम 1978 च्या पशुवाहतूक नियमांतला. गाडीत चढवलेली जनावरं प्रवासाला धडधाकट आहेत, त्यांना संसर्गजन्य रोग नाही आणि लसीकरण झालेलं आहे, असं पशुवैद्यकानं लिहून द्यायचं. नमुन्यानुसार ही तपासणी गाडी निघण्याच्या आधी 12 तासांच्या आत व्हायला हवी. नियम चांगला आहे, मला तो हवाच आहे. पण त्यात नाव घेऊन मागितलेली लस आहे बुळकांडीची. भारत 2006 साली बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त जाहीर झाला, 2011 साली हा रोग साऱ्या जगातून संपल्याची घोषणा झाली. ती लस आता कुणी टोचतच नाही. नियमाच्या शब्दांप्रमाणे कागद लिहिला, तर डॉक्टरला जे झालेलंच नाही त्यावर सही करावी लागते. आणि ज्या रोगांनी आज आमचे गोठे बसतात, त्या लाळ्या-खुरकूत, लम्पी आणि सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेल्लोसिस) यांचं नाव त्यात नाही. सगळं ‘इतर रोग’ या दोन शब्दांत गुंडाळलेलं. नियम केंद्राचा आहे, मला ठाऊक आहे. पण दुरुस्तीची शिफारस राज्याकडून जाऊ शकते, आणि तोवर आपल्या विभागाला सोबत एक पुरवणी कागद लावायला कुणी अडवलेलं नाही.

आता हाटात प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. सौदा ठरतो तो उजाडता उजाडता. दलाल रुमालाखाली बोटं धरतो, दात बघितले जातात, कास दाबून बघितली जाते, कितवं वेत, म्हणजे कितव्यांदा व्याली, ते विचारलं जातं. त्यानंतर कागदाची शोधाशोध. सरकारी दवाखाना हाटापासून लांब, आणि तो उघडेपर्यंत ऊन चढलेलं. मग कुणीतरी ओळखीतून कागद आणून देतो. त्यावर लिहिलेलं असतं: गाय 3, रंग काळा-पांढरा, शिंगं नाहीत. मंत्रीमहोदय, एचएफ, म्हणजे होल्स्टीन या विदेशी जातीची संकरित गाय बहुधा काळी-पांढरीच असते. माळवी गाय पांढरीच असते. त्या कागदावर त्या तीन गाई उतरवून दुसऱ्या तीन चढवल्या, तरी कागद खोटा आहे असं कुणालाही सिद्ध करता येणार नाही. डॉक्टरनं खरोखर तपासलेली गाय कोणती, हे त्या कागदावरून कळतच नाही.

आणि कळण्याची सोय तर गाईच्या कानातच आहे. 2019 च्या सप्टेंबरात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिसविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लसीकरणासोबत टॅगिंग गावोगाव पोचलं. नंबर सरकारच्या ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन प्रणालीत टाकला की जनावर कुणाचं, कुठल्या गावचं, कोणती लस कधी दिली, हे समोर येतं. यासाठी जनतेचा पैसा खर्च झाला आहे. गावपातळीवर काम करणारे पशुसखी, गोसेवक आणि डॉक्टर चिखलातून फिरले आहेत. असं असताना वाहतुकीच्या कागदावर ‘रंग काळा-पांढरा’ लिहिलं जातं, हे मला पटत नाही.

टॅगमध्येही उणीव आहे, ती लपवून उपयोग नाही. टॅग कानाच्या मधोमध, शिरा चुकवून बसवायचा असतो. घाईत तो कडेला टोचला की जनावर गव्हाणीला कान घासतं, दाव्यात टॅग अडकतो आणि कानाची पाळी चिरून तो गळून पडतो. आमच्या भागात अशा चिरलेल्या कानांच्या गाई हाटात सर्रास दिसतात. त्यांना नवा टॅग मारतात, पण जुना नंबर नव्याशी जोडला नाही तर तिची लस, तिचं रेतन, सगळा इतिहास पुसला जातो आणि ती कागदोपत्री काल जन्मलेली गाय होते. दुसरी उणीव मालकाच्या नावाची. गाय माझ्या गोठ्यात वर्षभर दूध देते आणि नोंदीत ती अजून बडवानी जिल्ह्यातल्या जुन्या मालकाचीच असते. नाव बदलण्याची सोय प्रणालीत आहे, पण विकणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही, घेणाऱ्याला ते कुठे करायचं हे माहीत नाही, आणि हाटात ते करून देणारं कुणी बसलेलं नसतं.

याची किंमत आपण 2022 साली मोजली आहे. त्या पावसाळ्यात लम्पी गुजरात-राजस्थानातून पश्चिम मध्य प्रदेशात शिरली. रतलाम, मंदसौर, उज्जैन, इंदूर, एकामागून एक जिल्हे धरले गेले. माश्या, डास, गोचीड रोग पसरवत होतेच, पण रोगाला लांब पल्ला गाठून देणारी गाडीच असते. अंगावर गाठी आलेली पहिली गाय सापडली की विचारायला हवं होतं की ही कुठून आली आणि हिच्याबरोबर गाडीत कोण होतं. नोंद असती तर हे तासाभरात कळलं असतं. ते कळत नाही म्हणून सरकारला सरसकट हाट आणि वाहतूक बंद करावी लागते, आणि ज्याची गाय निरोगी आहे तोही अडकतो. आजारी गाव नेमकं ओळखता आलं, तर बाकीच्यांचा बाजार चालू ठेवता येतो.

डोळ्यांनी बघून दिलेल्या कागदाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. लाळ्या-खुरकुताचा विषाणू शरीरात शिरल्यापासून तोंडात फोड दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात, आणि फोड दिसण्याआधीच जनावर तो पसरवू लागतं. लम्पीचा सुप्तकाळ 28 दिवसांपर्यंत धरतात. ब्रुसेल्ला झालेली गाय तर दिसायला ठणठणीत असते. भरल्या कासेची, चकचकीत कातडीची गाय आपण हौसेनं आणतो, ती सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते, आणि तो उचलणारा गडी पुढे महिनोन्‌महिने अंगदुखी आणि तापानं झुरत राहतो. या रोगाची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच देतात. म्हणजे मोठी गाय विकत घेताना तिला ती मिळाली होती की नाही, हे सांगणारी एकच गोष्ट उरते, तिची नोंद. नोंद नसेल तर रक्त तपासायला हवं. त्यासाठीची रोझ बेंगॉल नावाची रक्तचाचणी फार खर्चिक नाही. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या दारात आहे. हाटांशी त्याची जोडणी का करू नये?

म्हणून विनंती अशी की इंदूर संभागातल्या (महसुली विभागातल्या) मोठ्या हाटांमध्ये हाटाच्या दिवशी, पहाटेपासून, विभागाचं एक टेबल लागावं. तिथे डॉक्टर असावा, टॅग वाचणारा आणि बसवणारा माणूस असावा, नाव बदलण्याची सोय असावी. जनावर विकलं की तिथल्या तिथे मालकाचं नाव बदलेल, प्रमाणपत्रावर प्रत्येक जनावराचा बारा अंकी नंबर आणि शेवटच्या लसीची तारीख चढेल, गाडीचा नंबर आणि उतरण्याचं गाव चढेल. लस होऊन पुरेसे दिवस झाले नसतील तर तसंही लिहिलं जाईल. लस टोचल्या दिवशी संरक्षण मिळत नाही, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. 1962 वर फोन केल्यावर येणारी चलित पशुचिकित्सा वाहनं आपल्याकडे आहेतच. हाटाच्या दिवशी त्यातलं एक तिथे उभं करणं अवघड नाही. 2009 च्या पशुरोग प्रतिबंध कायद्यानं लस दिलेल्या जनावराला खूण करणं, प्रमाणपत्र देणं, तपासणी नाके उभारणं, हे सगळे अधिकार दिलेलेच आहेत. नवा कायदा लागणार नाही.

गाडीबद्दल थोडंच लिहितो. एका मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई नकोत, तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, सोबत माणूस हवा, हे 1978 पासून लिहिलेलं आहे. 2015 साली मोटार वाहन नियमांत 125-ई हा नियम आला आणि गाई-म्हशीला किमान 2 चौरस मीटर जागा, मध्ये कायमचे आडोसे, हेही ठरलं. पण बहुतेक हाटांत जनावर चढवायला उतरता ओटाच (रॅम्प) नाही. गाभण गाय ओढून, शेपटी पिरगाळून वर घेतात. तो ओटा विटा-सिमेंटचा, पंचायतीच्या पैशात होण्यासारखा आहे.

आणि रस्त्यावरच्या भीतीचंही लिहायलाच हवं. रात्री गाडी अडवली जाते, हातबॅटरीच्या उजेडात कागद पाहिला जातो, त्यात ओळख पटेल असं काहीच नसतं, मग गाडी तासन्‌तास उभी. ताज्या व्यालेल्या गाईची कास तटतटते, वासरू हंबरतं, ड्रायव्हर घाबरलेला. तपासू नका असं मी मुळीच म्हणत नाही. गोवंशाची चोरटी वाहतूक होते आणि ती थांबलीच पाहिजे. पण नाक्यावरच्या शिपायाला टॅगचा नंबर आणि कागदावरचा नंबर मोबाइलवर जुळवून पाहता आला, तर खरा पशुपालक लवकर सुटेल आणि कागदाआड लपणारा सापडेल. गृह विभागाशी बोलून एवढी पाहण्याची मुभा पोलिसांना मिळवून द्या.

घाई करण्याचं कारण आहे. राज्य सरकारच्या कामधेनू योजनेत 25-25 दुधाळ जनावरांची युनिटं उभी राहणार आहेत. ही जनावरं हरियाणा, पंजाब, गुजरातेतून मोठ्या संख्येनं येतील. कर्ज काढून गोठा उभारणाऱ्या नव्या मुलाच्या दारात पहिल्याच गाडीतून ब्रुसेल्ला उतरला, तर त्याचं युनिट उभं राहण्याआधीच बसेल. या योजनेच्या खरेदीला तरी टॅगनिहाय प्रमाणपत्र, रक्ताची तपासणी आणि आल्यावर 28 दिवस वेगळं बांधण्याची अट आताच घाला. अनुदानाची अट म्हणून घातलीत तर ती पाळलीही जाईल.

सगळीकडे एकदम होणार नाही. येत्या पावसाळ्याआधी आमच्या संभागातला एक हाट निवडा आणि तिथे हे टेबल लावून पाहा. जनावरं धरायला, नोंदी भरायला आणि विकणाऱ्यांना समजावून सांगायला आमच्या भागातले दूध उत्पादक स्वतः येऊन बसतील. कोणता हाट आणि कोणती तारीख, तेवढं कळवा.

आपला,
इंदूरचा एक दूध उत्पादक